मडमबाई मायदेशी निघाल्या तेव्हा मुंबईत तीन दिवस काय चाललं होतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांना पण कळेल. तुमची पणजी नगरच्या अमेरिकन मिशनमधल्या एका मडमबाईंकडे आया होती. घरात तिने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं एक पत्र आहे, वडाळ्याला राहणाऱ्या बहिणीला लिहिलेलं, वरचा तारखेचा कोपरा फाटलाय. त्यातलं तुम्ही एवढंच सांगितलंय की धोंडला गाडी बदलली, मुंबईत भायखळ्याला तीन दिवस राहिलो, डॉक्टरने बाईंचा आणि दोन्ही बाळांचा हात धरून पाहिला, मग लहान बोटीत बसून मोठ्या आगबोटीपर्यंत गेलो आणि बाळांना सोडून परत आलो. तुम्हाला हवंय की हे साल कुठलं असेल, तीन दिवस कशासाठी लागले, आणि पणजीचं नाव कुठे सापडेल का.

मी बरीच वर्षं नगर, सोलापूर, मिरज भागातल्या कुटुंबांसाठी मिशनचे जुने कागद आणि बोटींच्या याद्या चाळतोय, त्यामुळे असली पत्रं बघायला मिळतात, पण आयाचं स्वतःचं पत्र फार क्वचित. ते आधी प्लास्टिकच्या फोल्डरमधून काढा आणि साध्या कॉटनच्या कपड्यात किंवा चांगल्या कागदात ठेवा, लॅमिनेट तर अजिबात करू नका.

सालाचं आधी बघू, कारण पत्रातच बरंच आहे.

धोंड म्हणजे दौंड. दौंड-मनमाड लाइन १८७८ ला सुरू झाली, त्याआधी नगरहून टांग्याने किंवा बैलगाडीने निघावं लागायचं, म्हणजे पत्र १८७८ च्या नंतरचं. दुसरं, डॉक्टरने हात धरून पाहिला. हा प्लेगचा जमाना आहे. मुंबईत मांडवीला १८९६ च्या सप्टेंबरमध्ये डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, मग युरोपातल्या बंदरांनी मुंबईहून येणाऱ्या बोटींचा धसकाच घेतला, १८९७ ला व्हेनिसला परिषद होऊन नियम ठरले आणि मुंबई सोडणाऱ्या प्रत्येकाची निघायच्या आधी तपासणी सुरू झाली. केबिनवाल्या गोऱ्या पॅसेंजरची तपासणी म्हणजे नाडी बघितली, चेहरा बघितला, पुढे चला. डेकवाल्यांचं आणि खलाशांचं सामान मात्र धुरी देऊन, वाफ देऊन काढायचे. तुमच्या पणजीने लिहिलेलं 'हात धरून पाहिला' हे अगदी तेच आहे.

तिसरं, लहान बोटीतून मोठ्या बोटीपर्यंत. अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, १९१४ ला झाला आणि त्यानंतर मेलच्या, म्हणजे टपाल नेणाऱ्या, मोठ्या बोटी बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला लागायला लागल्या. त्याआधी मेल बोट आत खोल पाण्यात नांगर टाकून उभी असायची आणि पॅसेंजर लाँचमधून जायचे. म्हणजे १८९७ ते १९१४, ढोबळ मानाने. फक्त एक लक्षात ठेवा, हे उलट्या दिशेने वापरू नका, म्हणजे कुणाच्या पत्रात 'धक्क्यावरूनच बोटीत चढलो' असं असेल तर ते १९१४ नंतरचंच असं नाही, कारण स्वस्त लाइनींच्या बोटी आधीपासून प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये थेट लागायच्या.

आणि हो, बहीण वडाळ्याला म्हणजे मुंबईच्या वडाळ्याला नव्हे, हे घरातल्यांना सांगून ठेवा. नेवासे तालुक्यातलं वडाळा बहिरोबा, फेअरबँक कुटुंबाचं मिशन स्टेशन. यात मी भलेभले गोंधळलेले बघितलेत, आणि मग ते मुंबईतल्या चर्चची रजिस्टरं उगाच उलटत बसतात.

आता तीन दिवस कशाला. लोकांना वाटतं साहेब लोक मुंबईत येऊन हॉटेलात उतरून हवा खात असतील. ताज १९०३ च्या डिसेंबरमध्ये उघडलं, त्याआधी वॉटसनचं हॉटेल होतं काळा घोड्याजवळ, पण मिशनरी पगारात हे परवडायचं नाही आणि परवडलं असतं तरी वर बोस्टनला अमेरिकन बोर्डाला, म्हणजे मिशन चालवणाऱ्या संस्थेला, हिशेब दाखवायचा असायचा. मराठी मिशनची, म्हणजे याच अमेरिकन मिशनची, माणसं रात्रीच्या गाडीने यायची आणि पुष्कळदा बोरीबंदरपर्यंत न जाता भायखळ्यालाच उतरायची, कारण मिशनचा सगळा बाडबिस्तरा तिथे होता, बंगला, शाळा, चर्च. मिशनरी एडवर्ड ह्यूम यांची शाळा भायखळ्यालाच. रजेच्या सीझनला तिथे इतकी गर्दी व्हायची की पाहुण्यांच्या खाटा व्हरांड्यात टाकायच्या. सोबत आलेली आया, स्वैपाकी, शिपाई ही मंडळी कंपाउंडमधल्या मागच्या खोल्यांत, किंवा बहुतेक वेळा आपापल्या नातेवाइकांकडे. नगर-राहुरी-शिरूरकडची बरीच ख्रिस्ती कुटुंबं तोवर गिरण्या, रेल्वे, शाळांच्या नोकऱ्यांसाठी मुंबईत आली होती, तेव्हा पणजी तीन दिवस स्वतःच्याच कुणाकडे राहिली असेल तर मला नवल वाटणार नाही. पत्रात भायखळ्यातल्या कुणाचं नाव असेल, मावशी, आते, काहीही, तर ते मला हवंय.

खरं सांगायचं तर हे तीन दिवस सुट्टीचे नव्हतेच, सात-आठ वर्षांच्या नोकरीतले सगळ्यात दगदगीचे दिवस होते. मिशनरी साधारण सात-आठ वर्षांनी एक-सव्वा वर्षाच्या रजेवर जायचा. स्टेशनवर, म्हणजे नेमणुकीच्या गावी, त्याच्या हातात काय काय असायचं, तर पंतोजींचे पगार, बोर्डिंगमधल्या पोरांचं खाणं, बायबल शिकवणाऱ्या बायकांचा खर्च, अर्धवट बांधलेली शाळा, आणि १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळानंतर तर शेकडो अनाथ मुलं आणि अमेरिकेतून त्यांच्या नावाने आलेले पैसे. एकेका मुलाचा खर्च अमेरिकेतलं एखादं संडे स्कूल उचलायचं आणि त्या मुलाची खबर कळवावी लागायची. हे सगळं मागे राहणाऱ्याच्या गळ्यात घालून जायचं. मिशनचा ट्रेझरर मुंबईत, त्यामुळे पहिला दिवस वह्या घेऊन त्याच्यासमोर. वही जुळेपर्यंत माणूस मोकळा नाही. मी त्या काळच्या पत्रांत बघितलंय, पुढच्या स्टेशनातल्या कुणाला तरी तिसऱ्या दिवशी रात्री लिहिलेली चिठ्ठी असते की अमक्याच्या विहिरीचे पैसे मी दिलेत, तमक्याला अजून द्यायचेत, आणि खाली सही, आणि सकाळी बोट.

त्यात पैशाचं एक वेगळंच लफडं. रुपया १८७० च्या सुमाराला जवळजवळ दोन शिलिंगाला होता, तो चांदी पडल्यामुळे घसरत घसरत १८९० च्या दशकात मधे सव्वा शिलिंगाच्याही खाली गेला, मग सरकारने एक शिलिंग चार पेन्सला बांधला, म्हणजे एका सॉव्हरिनला, सोन्याच्या पाउंडाला, पंधरा रुपये. रुपयात साठवलेले पैसे घेऊन परदेशी जाणाऱ्याला हा फटका बरोबर बोटीच्या आदल्या दिवशी कळायचा. तिकीट एजंटकडे, टॉमस कुककडे किंवा थेट लाइनच्या ऑफिसात. मोठ्या मेलची बोट म्हणजे पी अँड ओ, पण मिशनरी मंडळी जास्त करून अँकर लाइन, सिटी लाइन किंवा इटालियन, ऑस्ट्रियन बोटी धरायची, सेकंड क्लास, कारण मिशनऱ्यांच्या खिशाला तेच झेपायचं. मार्च-एप्रिलला तर बर्थ मिळायची मारामार, कारण तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्याच्या आणि इकडच्या पावसाळ्याच्या आधी सगळ्यांनाच निघायचं असायचं, फौजेच्या बायका, सिव्हिल सर्व्हिसवाले, सगळे. तुमच्या पत्रात आंब्याचा, उन्हाचा, परीक्षेचा काही उल्लेख आहे का बघा. दिवाळीच्या आसपास निघालेल्या असतील तर तो अपवाद, बहुतेक आजारपणामुळे, आणि तसं असेल तर मिशनच्या रिपोर्टात डॉक्टरच्या सल्ल्याने गेल्याचं वाक्य हमखास सापडतं.

दुसरा दिवस सामानाचा आणि शिंप्याचा. नगरला आठ वर्षं सुती कपड्यात राहिलेल्या बाईला आणि तिथेच जन्मलेल्या पोरांना मार्चमध्ये इंग्लंडच्या थंडीत उतरायचंय आणि पुढे अटलांटिक आहे, लोकरीचं घरात काही नाही, असलं तर कसर लागलेलं. मग क्रॉफर्ड मार्केट, हॉर्नबी रोडवरची मोठी दुकानं, व्हरांड्यात बसवलेला दर्जी. डेकवर बसायची खुर्चीसुद्धा त्या काळी पॅसेंजर स्वतःची घेऊन जायचे, ती वेताची किंवा कॅनव्हासची इथेच विकत घ्यायची आणि तिच्यावर नाव रंगवायचं. ट्रंकांना तीन तऱ्हेची लेबलं, केबिनमध्ये हवी, वाटेत लागेल, आणि खाली होल्डमध्ये जाईल ती थेट लिव्हरपूलला नाहीतर लंडनला बघायची. लहान मुलाचा आवडता डबा चुकून होल्डमध्ये गेला की पुढचे तीन आठवडे केबिनमध्ये काय रडारड होत असेल विचार करा. ही बांधाबांध आया करायची. पणजीने पत्रात हे लिहिलं नाही कारण तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसणार, रोजचंच काम.

आणखी एक सामान असायचं. तिकडे गेल्यावर मिशनरीला सुट्टी नसते, गावोगावच्या चर्चमध्ये फिरून भाषणं द्यायची, पैसे जमवायचे. त्यासाठी मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे पडद्यावर चित्र दाखवायच्या दिव्याच्या, काचा, फोटो, पितळेची भांडी, नऊवारी लुगडं नेसून दाखवायला, जातं, देवांच्या लहान मूर्ती पण. हे मला स्वतःला फार खटकतं, लोकांचे देव असे टेबलावर मांडून दाखवायचे, पण घडायचं हे असंच आणि त्याच काचांमुळे आज आपल्याकडे नगरच्या बाजाराचे, शाळांचे, दुष्काळातल्या पोरांचे फोटो शिल्लक आहेत, ते पण नाकारता येत नाही. अशा काचांवर कधी कधी आयाबरोबरची मुलं असतात. नाव नसतं, खाली फक्त 'आया' असतं. चेहरा घरातल्या फोटोशी ताडून बघायचा एवढंच आपल्या हातात.

तिसरी संध्याकाळ निरोपाची. भायखळ्याच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, हार, मानपत्र, गाणी. मिशनरी बऱ्यापैकी मराठीत बोलायचे, काही तर छानच बोलायचे. जस्टिन अ‍ॅबट हे नाव ऐकलं असेल, मिशनऱ्याचाच मुलगा, १८८१ पासून मुंबईत, १९१० ला निवृत्त होऊन अमेरिकेला परत गेला आणि मग न्यू जर्सीत बसून महिपतींची संतचरित्रं इंग्रजीत आणत राहिला, मरेपर्यंत. मायदेशी पोचल्यावर माणूस मराठीत जास्त रमला, असं उदाहरण दुसरं चटकन आठवत नाही. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे डॉ. वानलेस १८८९ ला आले आणि १९२८ ला कायमचे गेले, तोवर सगळं बदललं होतं, बॅलार्ड पिअरवर गाडी थेट धक्क्यापर्यंत यायची.

सगळेच पोचायचे असं नाही. एडवर्ड ह्यूम आणि नगरचे रॉबर्ट ह्यूम या दोघा भावांचे वडील, तेही मुंबईतच मिशनरी, १८५४ ला तब्येत ढासळली म्हणून बायकापोरांना घेऊन निघाले. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता, तो १८६९ चा, शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांचा प्रवास. वाटेत समुद्रावरच गेले. आई पोरांना घेऊन एकटी अमेरिकेला पोचली आणि पुढे मुलं मोठी होऊन परत इथेच आली. त्यामुळे या मिशनमध्ये बोटीवरचा निरोप नुसता हात हलवण्याचा कार्यक्रम नसायचा, दोन्हीकडच्यांना माहीत असायचं की परत भेट होईलच असं काही नाही.

मुलांचं तर आणखी वेगळं. आयाच्या हातात वाढलेली, मराठी आधी आणि इंग्रजी नंतर शिकलेली पोरं सहा-सात वर्षांची झाली की पुष्कळदा तिकडेच ठेवायची, शाळेसाठी. मॅसॅच्युसेट्समध्ये ऑबर्नडेलला आणि ओहायोत ओबर्लिनला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी खास घरं होती. आईबाप रजा संपली की परत नगरला, मुलं तिकडे. पत्रात 'बाळांना सोडून आलो' असं आहे आणि बाईंबद्दल तसं नाही, हे मी परत परत वाचलं. बाई परत येणार हे पणजीला माहीत असावं, बाळं नाही. अर्थात हा माझा अंदाज आहे, पत्रात तसं लिहिलेलं नाही.

काही आया पुढे लंडनपर्यंत पण जायच्या, बोटीत मुलं सांभाळायला, आणि तिकडे काम संपलं की परतीचं तिकीट मिळेपर्यंत अडकून पडायच्या. लंडनला हॅकनी भागात १९०० पासून त्यांच्यासाठी एक घर चालायचं, त्याआधी आल्डगेटला. पण हा थाट जास्त करून सिव्हिलियन आणि लष्करी कुटुंबांचा, मिशनरी सहसा आयाला बंदरावरूनच परत पाठवायचे. तुमच्या पत्रात तेच झालंय.

आता शोधायचं कसं. पणजीचं नाव मिशनच्या हिशेबात शोधू नका, सापडणार नाही. पंतोजी, उपदेशक, बायबल शिकवणाऱ्या बाया यांना मिशन पगार द्यायचं म्हणून ते वह्यांत दिसतात, घरातली आया-स्वैपाकी मिशनरीच्या स्वतःच्या पगारातून, म्हणून वहीत नाहीत. टाइम्स ऑफ इंडियात प्रत्येक मेलच्या पॅसेंजरची यादी छापून यायची पण तिथे सुद्धा 'मिसेस अमुक आणि दोन मुलं', नोकर असला तर 'आया' किंवा 'नेटिव्ह सर्व्हंट' एवढंच. म्हणून आधी बाई शोधायची, मग बाईमार्गे पणजी.

बाई शोधायला मिशनचे वार्षिक रिपोर्ट घ्या, सुरुवातीलाच स्टेशनवार नावं असतात आणि कोण रजेवर आहे ते पण. १८९७ ते १९१४ मधली नगरची अशी जोडपी काढा ज्यांना त्या वर्षी दोन लहान मुलं आहेत. यादी हाताच्या बोटांवर येईल, कारण बऱ्याच बाया अविवाहित होत्या आणि बऱ्याच जोडप्यांची मुलं मोठी. मग बोर्डाचं मासिक, मिशनरी हेरल्ड, ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं, त्यात कोण कुठल्या तारखेला बोस्टन किंवा न्यूयॉर्कला उतरलं ते छापलेलं असतं. तिथून साधारण पाच-सहा आठवडे मागे या, एडन, सुएझ, पोर्ट सैद, मग इंग्लंडमध्ये थोडा मुक्काम आणि अटलांटिक, की मुंबई सोडल्याचा आठवडा मिळतो. त्या आठवड्याच्या टाइम्सच्या याद्या बघा. ताडून बघायला इंग्लंडमध्ये उतरणाऱ्यांच्या याद्या १८७८ पासून आहेत आणि एलिस आयलंडच्या १८९२ पासून, त्यात मुलांची वयं असतात, आणि अमेरिकन याद्यांमध्ये पुढे पुढे जन्मठिकाण पण यायला लागलं. जन्म अहमदनगर दिसलं की काम झालं.

मग बाईंची पत्रं. अमेरिकन बोर्डाचे कागद हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत आहेत, पण त्याआधी बायकांच्या बोर्डाचं मासिक बघा, लाइफ अँड लाइट फॉर वुमन, त्यात मिशनरी बायकांची घरगुती पत्रं छापायचे आणि आयाचं नाव आलंच तर अशा ठिकाणी येतं, स्पेलिंग मात्र काहीही असू शकतं, राहीबाईचं काय काय होईल सांगता येत नाही, तेव्हा मोठ्याने वाचत जा. मराठीत ज्ञानोदय, १८४२ पासूनचा, त्यात निरोप समारंभाच्या बातम्या. आणि पणजीसाठी थेट एकच जागा, नगरच्या पहिल्या मंडळीची बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं, ती मंडळी १८३३ ची आहे, १९७० नंतर ती चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेली, त्यामुळे पाळकांना भेटून रीतसर विचारा, फोटो काढायच्या आधी परवानगी घ्या. वडाळ्याची बहीण तिथल्या मंडळीत मिळाली तर आईबापांची नावं दोन्हीकडून जुळवता येतील.

खाली एकाने विचारलंय की दुसऱ्या महायुद्धात पण त्यांच्या आजोबांनी गोव्यात मिशनरी उतरलेले बघितले होते, ते खरं का. खरं आहे, पण ते इकडचे मिशनरी नव्हते. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये मुरगावला जपानची तेइया मारू आणि स्वीडनची ग्रिप्सहोम या दोन बोटींमध्ये माणसांची अदलाबदल झाली, पोर्तुगाल तटस्थ म्हणून गोवा. चीन, फिलिपिन्सकडे जपान्यांच्या कैदेत अडकलेले सुमारे पंधराशे अमेरिकन, कॅनेडियन वगैरे, त्यात मिशनरी खूप, काही दिवस तिथे थांबून ग्रिप्सहोमने निघाले आणि १ डिसेंबरला न्यूयॉर्कला पोचले. बंदरात तेव्हा त्याच वर्षी मार्चमध्ये बुडवलेल्या जर्मन बोटींचे सांगाडे होते, तेही आजोबांनी सांगितलं असेल तर आठवण पक्की समजा.

तुमच्याकडे परत येतो. पत्राच्या मागच्या बाजूचा आणि घडीचा फोटो पाठवा. पाकीट नसेल तर बऱ्याचदा पत्रच दुमडून वर पत्ता आणि तिकीट असायचं, पोस्टाच्या शिक्क्याचा अर्धा गोल जरी उमटला असेल तरी तो तिरप्या उजेडात, टॉर्च बाजूने धरून काढला तर वाचता येतो. राणीचं तिकीट की एडवर्डचं की जॉर्जचं, एवढं कळलं तरी सतरा वर्षांचे थेट चार-पाचवर येऊ शकतात.